बाजारभाव, गप्पा, व्हिडिओ कॉल : वेबवर कोणत्या संवादाला कोणतं तंत्र?

खडूफळा

बीसीएच्या तिसऱ्या वर्षाला वेबवरच्या संवादाची तंत्रं शिकवायची आहेत. पुस्तकी व्याख्या टाळून एकच प्रकल्प घ्यायचा विचार आहे : बाजार समितीचं पान. त्यात चार कामं. लिलाव चालू असताना कांद्याचे भाव पानावर आपोआप बदलावेत. शेतकरी आणि आडते यांना एकमेकांना लिहिता यावं. कृषी सल्लागाराशी व्हिडिओवर बोलता यावं. आणि पान बंद असतानाही, ठरवलेल्या दराच्या वर भाव गेला की शेतकऱ्याला कळावं.

मुलं इंटरनेटवर शोधतात आणि चारही ठिकाणी वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली उघडी राहणारी दुतर्फी जोडणी) लावून मोकळी होतात. चालतं, पण का चालतं आणि कधी मोडेल हे सांगता येत नाही. कुठे काय वापरावं, कोणत्या क्रमाने शिकवावं आणि मुद्दाम काय मोडून दाखवावं, हे जाणकारांनी सांगावं. लॅबमध्ये सगळ्या संगणकांना मिळून एकच इंटरनेट कनेक्शन आहे.

तारजोड

चांगला धागा. तंत्राचं नाव घेण्याआधी मुलांना प्रत्येक कामाबद्दल तीन प्रश्न विचारायला लावा. बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक, की दोन्हीकडून बोलणं? ऐकणारा त्या क्षणी पानावर हजर आहे का? आणि निरोप उशिरा पोचणं जास्त वाईट, की हरवणं? तुमच्या चारही कामांची उत्तरं वेगवेगळी येतात, म्हणून तंत्रंही वेगवेगळी.

सुरुवात पोलिंगपासूनच करा. ब्राउझरने दर ५ सेकंदांनी विचारायचं, ‘नवीन भाव आहे का?’ २००० लोक पान उघडून बसले तर सेकंदाला ४०० विनंत्या, आणि त्यातल्या बहुतेकांचं उत्तर ‘नाही’. ईटॅग (मजकुराच्या आवृत्तीची खूण) लावून ३०४, म्हणजे ‘बदल नाही’, असं उत्तर दिलं तर मजकूर पाठवणं टळतं, विनंती टळत नाही.

तरी पोलिंगला कमी लेखायला शिकवू नका. सगळ्यांना तेच उत्तर जाणार असेल तर त्यावर ५ सेकंदांची कॅश-कंट्रोल मुदत (साठवलेली प्रत किती वेळ चालेल ते) घालून पुढे सीडीएन (उत्तराची प्रत जवळ ठेवून तीच सगळ्यांना देणारं मधलं जाळं) ठेवा. त्या ४०० विनंत्या सीडीएनच झेलतो, मूळ सर्व्हरपर्यंत अगदी थोड्या पोचतात. दिवसअखेरच्या आवकेच्या तक्त्याला याहून जास्त काही लागत नाही. नवं तंत्र तेव्हाच आणावं, जेव्हा जुन्याचा खर्च आकड्यात दाखवता येतो.

उंबरठा

चालू लिलावाच्या भावाला सर्व्हर-सेंट इव्हेंट्स, म्हणजे एसएसई. बोलणारा एकटा सर्व्हर, बाकी सगळे ऐकणारे. ही साधी एचटीटीपी विनंतीच आहे. फरक एवढाच की सर्व्हर उत्तर संपवतच नाही, ओळीमागून ओळ पाठवत राहतो. उत्तराचा प्रकार टेक्स्ट/इव्हेंट-स्ट्रीम. ब्राउझरमध्ये इव्हेंटसोर्स ही वस्तू तयार केली की झालं.

मुलांना तारेवरून काय जातं ते डोळ्यांनी बघू द्या. कर्ल या कमांडला आलेलं साठवून न ठेवण्याचा पर्याय देऊन तोच पत्ता उघडा. एका भावाच्या तीन ओळी दिसतात : पहिलीत आयडी आणि क्रमांक, समजा ४१७, दुसरीत इव्हेंट आणि त्याचं नाव, तिसरीत डेटा आणि जेसनमधला मजकूर : माल, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. त्यानंतर एक कोरी ओळ. ती कोरी ओळ हाच ‘निरोप संपला’ याचा इशारा आहे. ती विसरली तर बाइट येत राहतात, कर्लमध्ये दिसतात, पण पानावर काहीच उमटत नाही. सुरुवातीचे बहुतेक गोंधळ इथेच होतात.

आयडीचा खरा उपयोग कनेक्शन तुटल्यावर. ब्राउझर आपणहून पुन्हा जोडतो आणि लास्ट-इव्हेंट-आयडी या हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) ४१७ पाठवतो. सर्व्हरने शेवटचे २००-३०० भाव हाताशी ठेवले असतील तर तो ४१८ पासून पुढचे सगळे देतो. हे सर्व्हरवर स्वतः लिहावं लागतं. ब्राउझर फक्त क्रमांक सांगतो.

आता मोडणारी ठिकाणं.

लॅबमधल्या संगणकावर छान चालतं आणि सर्व्हरवर टाकल्यावर भाव थांबतात, मग एकदम दहा-बारा येऊन आदळतात. कारण मधला एनजिनएक्स (पुढे उभा राहून विनंत्या मागच्या सर्व्हरकडे नेणारा प्रॉक्सी) उत्तर साठवून मग पुढे ढकलतो. त्या पत्त्यापुरतं प्रॉक्सी बफरिंग बंद करा, किंवा उत्तरात एक्स-एक्सेल-बफरिंग हेडर ‘नो’ म्हणून पाठवा. जीझिप (मजकूर दाबून लहान करणं) लावलं असेल तर तेही तसंच अडवून धरतं.

लिलावात जेवणाची सुट्टी झाली की बरोबर ६० सेकंदांनी कनेक्शन तुटतं. एनजिनएक्स मागच्या सर्व्हरकडून दोन वाचनांमध्ये मुळात ६० सेकंदच वाट बघतो. दर १५-२० सेकंदांनी नुसत्या विसर्गचिन्हासारख्या कोलनने सुरू होणारी ओळ पाठवा. ती शेरा म्हणून धरली जाते, पानाला कळत नाही, पण तार जिवंत राहते.

एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका डोमेनला एका वेळी ६ कनेक्शन देतो, आणि ही मर्यादा सगळ्या टॅबना मिळून असते. सातवा टॅब उघडला की तो नुसता फिरत राहतो. लॅबमध्ये हे जरूर करून दाखवा. मग एचटीटीपी २ चालू करून दाखवा : एकाच कनेक्शनवर साधारण १०० प्रवाह मावतात. ब्राउझर एचटीटीपी २ फक्त एचटीटीपीएसवर बोलतात, त्यामुळे प्रमाणपत्र आधी.

सगळ्यात फसवी गोष्ट शेवटी. नेटवर्क तुटलं तर इव्हेंटसोर्स पुन्हा जोडतो, पण सर्व्हरकडून ५०२ किंवा ५०० आलं तर कायमचा गप्प बसतो. नवा कोड चढवताना प्रॉक्सीने क्षणभर ५०२ दिलं, तर त्या क्षणी जोडू पाहणारी सगळी पानं मुकी होतात आणि कोणी रिफ्रेश करेपर्यंत जुना भाव दाखवत राहतात. म्हणून एरर आल्यावर रेडीस्टेट तपासा. ते २, म्हणजे ‘बंद’, असेल तर थोड्या विलंबाने नवा इव्हेंटसोर्स स्वतः तयार करा. आणि भावाशेजारी वेळ छापाच. जुना भाव ताजा समजून कोणी गाडी भरली तर नुकसान शेतकऱ्याचं.

शेंगदाणा

इव्हेंटसोर्सला ऑथरायझेशन हेडर देता येत नाही ना? लॉगिन केलेल्यांनाच भाव दाखवायचे असतील तर?

उंबरठा

नाही देता येत. कुकी वापरा, डोमेन वेगळं असेल तर विथक्रेडेन्शियल्स चालू करा. टोकन पत्त्यात घालणं टाळा, ते सर्व्हरच्या आणि प्रॉक्सीच्या लॉगमध्ये जसंच्या तसं उमटतं. हेडरच हवा असेल तर फेचने प्रवाह वाचता येतो, पण मग पुन्हा जोडणी, आयडी, ओळी तोडणं, सगळं तुमच्या गळ्यात.

तारजोड

आता गप्पा. इथे दोन्ही बाजू कधीही बोलतात, त्यामुळे वेबसॉकेट योग्य. मानक डिसेंबर २०११ चं, आरएफसी ६४५५. सुरुवात साध्या गेट विनंतीने होते, तिच्यात अपग्रेड हेडर आणि एक यादृच्छिक किल्ली. सर्व्हर त्या किल्लीला मानकात छापलेली एक ठरावीक ओळ जोडतो, तिचा शा-१ (ठरावीक सूत्राने काढलेला ठसा) काढून परत पाठवतो आणि १०१ उत्तर देतो. तिथून पुढे एचटीटीपी संपलं. त्याच टीसीपी (हरवलेलं पुन्हा पाठवून सगळं क्रमाने पोचवणाऱ्या) जोडणीवर दोन्हीकडून फ्रेम, म्हणजे निरोपाचे तुकडे, धावतात. ब्राउझरकडून जाणाऱ्या छोट्या निरोपावर फक्त ६ बाइटचा भार : २ शीर्षकाचे, ४ मास्किंगचे. पोलिंगच्या हेडरचे शेकडो बाइट नेटवर्क टॅबमध्ये शेजारी ठेवून दाखवा.

एनजिनएक्समध्ये मागच्या बाजूला एचटीटीपी १.१ सांगून अपग्रेड आणि कनेक्शन ही दोन हेडर पुढे पाठवावी लागतात. ते राहिलं की १०१ येत नाही आणि ब्राउझर १००६ कोड दाखवतो. हा कोड तारेवरून कधीच जात नाही. ‘निरोप न घेता तुटलं’ असं ब्राउझर स्वतःच्या बाजूने सांगत असतो. कारण सर्व्हरच्या लॉगमध्येच शोधायचं.

मुलांच्या डोक्यात पक्का बसवायचा मुद्दा हा : सेंड म्हटलं म्हणजे पोचलं असं नाही. निरोप फक्त ब्राउझरच्या बफरमध्ये गेला. टीसीपी एका जोडणीपुरता क्रम राखतं. जोडणी तुटून नवी झाली की मधल्या निरोपांचं काय झालं हे कोणालाच माहीत नसतं. गप्पांत निरोप हरवून चालत नाही, म्हणून चार गोष्टी स्वतः बांधाव्या लागतात. पाठवणाऱ्याने प्रत्येक निरोपाला स्वतःचा यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख-क्रमांक) द्यायचा. सर्व्हरने तो आधी डेटाबेसमध्ये लिहायचा, खोलीनिहाय चढता क्रमांक द्यायचा आणि मगच पोच पाठवायची. पोच आली नाही तर पाठवणाऱ्याने त्याच यूयूआयडीने पुन्हा पाठवायचं. सर्व्हरने तो आधीच असेल तर नवी नोंद न करता नुसती पोच द्यायची. आणि पुन्हा जोडताना ‘माझ्याकडे ८३ पर्यंत आहे’ असं सांगून पुढचे मागवायचे. शेवटची गोष्ट म्हणजे एसएसईतल्या आयडीचीच कल्पना. तिथे ब्राउझर मदतीला होता, इथे कोणी नाही.

हृदयठोकाही (तार जिवंत आहे का हे बघणारा ठरावीक वेळाचा निरोप) दोन्हीकडून हवा. आडत्याचा फोन लिफ्टमध्ये गेला तर सर्व्हरला बराच वेळ तो जोडलेलाच वाटतो. सर्व्हरने दर २५-३० सेकंदांनी पिंग पाठवावा, ब्राउझर पाँग आपोआप देतो. पण पानावरच्या जावास्क्रिप्टला पिंग पाठवता येत नाही आणि आलेला दिसतही नाही. त्यामुळे पानाला तार मेल्याचं कळण्यासाठी साधा मजकुरी ‘आहेस का’ निरोप वेगळा ठेवावा लागतो.

पुन्हा जोडताना १, २, ४, ८ असं वाढवत ३० सेकंदांपर्यंत थांबा, आणि त्यात थोडं यादृच्छिक मिसळा. नाहीतर सर्व्हर उठल्या उठल्या सगळे एकाच क्षणी येऊन त्याला पुन्हा पाडतात.

सुरक्षेचं एक : वेबसॉकेटला ब्राउझरचं समान-उगम धोरण लागू होत नाही. दुसऱ्या साइटवरचं पान तुमच्या सर्व्हरकडे जोडणी मागू शकतं, आणि सेमसाइटचं बंधन (दुसऱ्या साइटवरून कुकी न पाठवण्याचं) नसेल तर कुकीही सोबत जाते. विनंती कोणत्या साइटवरून आली ते सांगणारं ओरिजिन हेडर सर्व्हरने तपासलंच पाहिजे.

पाटी

पण गप्पांसाठी वेबसॉकेट उघडलंच आहे, तर भावही त्याच्यावरून का नको? दोन तंत्रं सांभाळण्यापेक्षा एक बरं, असं मुलांनी म्हटलं तर त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही.

उंबरठा

लॉगिन करून गप्पा उघडलेल्या पानावर भाव त्याच तारेने पाठवा, अजिबात हरकत नाही. पण भाव बघणारे बहुतेक लोक लॉगिन करत नाहीत, काही लिहीत नाहीत. त्यांच्यासाठी वेबसॉकेट ठेवायचं म्हणजे पुन्हा जोडणी, राहिलेले क्रमांक, हृदयठोका हे सगळं हाताने लिहायचं, जे एसएसईत जवळजवळ फुकट मिळतं. मुलांनी हा फरक समजून एक तार निवडली तर पूर्ण गुण द्यावेत. न समजता निवडली तर प्रश्न विचारावेत.

तारजोड

अनुमोदन. एक भर : सर्व्हर एकाचे दोन झाले की एका सर्व्हरवरच्या शेतकऱ्याचा निरोप दुसऱ्यावरच्या आडत्याला जात नाही. मध्ये रेडिस पब्सब (आलेला निरोप ऐकणाऱ्या सगळ्या सर्व्हरना वाटणारी सोय) लावतात, पण पब्सब काही साठवत नाही. त्या क्षणी जो ऐकत नव्हता त्याचा निरोप गेला. डेटाबेसमधला क्रमांकच शेवटी वाचवतो.

रानवारा

चौथं काम, पान बंद असतानाची सूचना. इथे ऐकणारा हजरच नाही, त्यामुळे उघडी तार हा पर्यायच नाही. वेब पुश. पानाने सर्व्हिस वर्कर (पान बंद असतानाही ब्राउझर जागा करू शकतो तो कोड) नोंदवायचा, परवानगी घ्यायची, ब्राउझर एक पत्ता आणि किल्ल्या देतो, त्या तुमच्या सर्व्हरने जपून ठेवायच्या. पुढे तुमचा सर्व्हर ब्राउझर कंपनीच्या पुश सेवेला निरोप देतो आणि ती सेवा फोनपर्यंत नेते. मजकूर तुमच्या सर्व्हरवरच कूटबद्ध होतो, मधल्या सेवेला वाचता येत नाही.

परवानगी पान उघडल्या उघडल्या मागू नका. सफारी आणि फायरफॉक्सला आधी वापरणाऱ्याची कृती लागते, आणि एकदा ‘नको’ म्हटलं की तुम्हाला पुन्हा विचारता येत नाही. ‘भाव वर गेला की कळवा’ असं बटण ठेवा, ते दाबल्यावर विचारा. आयफोनवर आयओएस १६.४ पासून चालतं, तेही पान होम स्क्रीनवर जोडलं असेल तरच. शिक्षकांनी हे आधी सांगितलं नाही तर आयफोनवाल्या मुलांचा अख्खा तास जातो.

भावाच्या सूचनेसाठी दोन हेडर फार कामाची. टीटीएल : निरोप किती सेकंद धरून ठेवायचा. संध्याकाळी फोन चालू केल्यावर सकाळचा दर सांगण्यात अर्थ नाही, तेव्हा १८०० पुरे. टॉपिक : त्याच टॉपिकचा पोचायचा राहिलेला जुना निरोप नव्याने बदलला जातो, म्हणजे दहा भाव साठून दहा घंट्या वाजत नाहीत. पुश सेवेने ४०४ किंवा ४१० दिलं तर तो पत्ता मेला, डेटाबेसमधून काढा. आणि पुश आल्यावर क्रोमला दिसणारी सूचना हवीच असते. काही दाखवलं नाही तर तो स्वतःचं मोघम वाक्य दाखवतो.

मराठीसाठी मोजमाप वेगळं आहे, ते जरूर शिकवा. पुशमध्ये मूळ मजकुराला ३९९३ बाइट मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे सुमारे १३३० चिन्हं. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे : ‘क्विंटल’ डोळ्यांना तीन अक्षरं, मोजणीत ७ (क, हलन्त, व, वेलांटी, अनुस्वार, ट, ल), म्हणजे २१ बाइट. पुशला ही जागा भरपूर आहे. एसएमएसला नाही. तिथे देवनागरी आलं की एका एसएमएसमध्ये १६० ऐवजी ७० चिन्हं, आणि लांबला की प्रत्येक तुकड्यात ६७. ‘कांदा सर्वसाधारण दर १८५० रु. क्विंटल’ एवढ्यातच ३६ जातात. ७१ वं चिन्ह आलं की पैसे दोन एसएमएसचे. साध्या फोनवाल्या शेतकऱ्यासाठी एसएमएस ठेवणार असाल तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रेषकाचं नाव आणि मजकुराचा साचा डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेत) आधी नोंदवावा लागतो. साच्याशी न जुळणारा निरोप टेलिकॉम कंपनी पुढेच जाऊ देत नाही.

दुर्बीण

व्हिडिओ कॉलकडे वळू. इथे तारजोड यांचा तिसरा प्रश्न उलटा पडतो : हरवलं तर चालेल, उशीर चालणार नाही. ओपस कोडेक (आवाज दाबून पाठवण्याची पद्धत) आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो, सेकंदाला ५०. एक हरवला तर कानाला जेमतेम कळतं. टीसीपीवर मात्र तो एक परत मिळेपर्यंत मागचे सगळे अडून बसतात. आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची) शिफारस एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवण्याची आहे. त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. म्हणून वेबआरटीसी, म्हणजे ब्राउझरमधलं थेट आवाज-चित्राचं तंत्र, शक्यतो यूडीपीवर (हरवलेल्याची वाट न बघणाऱ्या वाटेवर) जातं.

वेबआरटीसीत एक भाग मुद्दाम मोकळा ठेवला आहे : दोघांनी एकमेकांना शोधायचं कसं. त्याला सिग्नलिंग म्हणतात आणि तुमचं गप्पांचं वेबसॉकेट तिथे वापरता येतं. शेतकऱ्याचा ब्राउझर ऑफर पाठवतो, सल्लागाराचा आन्सर, आणि दोघेही आपापले संभाव्य पत्ते पाठवत राहतात. पत्ते तीन जातींचे : घरच्या नेटवर्कमधला होस्ट, स्टन सर्व्हरने सांगितलेला बाहेरून दिसणारा, आणि टर्न सर्व्हरवरून फिरवून नेणारा रिले. रिमोट डिस्क्रिप्शन लावण्याआधी समोरचा पत्ता जोडायला गेलात तर एरर येते, म्हणून आलेले पत्ते तोवर रांगेत ठेवा. दोघांनी एकाच वेळी ऑफर पाठवली तर माघार कोणी घ्यायची हे आधीच ठरवून ठेवा.

खडूफळा, तुमच्या लॅबमधली सगळ्यात मोठी फसगत इथे होईल. सगळे एकाच नेटवर्कवर आहेत, त्यामुळे होस्ट पत्त्यानेच जोडणी होईल आणि मुलांना वाटेल की टर्नची गरज नाही. बाहेर एकजण मोबाइल डेटावर, कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे, आणि दुसरा कार्यालयाच्या फायरवॉलमागे असला की चित्र काळंच राहतं. पीअर कनेक्शनच्या मांडणीत आइस ट्रान्सपोर्ट पॉलिसी ‘रिले’ करा. मग फक्त टर्ननेच जोडणी होईल. ती झाली तर टर्न खरंच चालतंय.

टर्नसाठी कोटर्न हा तयार सर्व्हर घ्या. पोर्ट ३४७८, टीएलएससाठी (कूटबद्ध जोडणीसाठी) ५३४९. पण अनेक कार्यालयांत ४४३ सोडून बाकी बंद असतं, म्हणून टीएलएस ४४३ वरही ठेवा. रिलेसाठी ४९१५२ ते ६५५३५ हे यूडीपी पोर्ट उघडायला लोक विसरतात : पत्ता मिळतो, चित्र येत नाही. क्लाउडवरच्या सर्व्हरला बाहेरचा आयपी मांडणीत वेगळा सांगावा लागतो. परवलीचा शब्द पानाच्या कोडमध्ये कायमचा लिहू नका, मुदतीचा तयार करून द्या. नाहीतर तुमच्या टर्नवरून दुसऱ्यांचे कॉल धावतील. खर्चाचा हिशेब मुलांकडून करून घ्या : दोन्ही बाजूंनी १ एमबीपीएसचा कॉल टर्नवरून गेला तर सर्व्हरमधून बाहेर २ एमबीपीएस, तासाला ९०० एमबी, आणि तेवढंच आत.

एका सल्लागारासमोर चार शेतकरी घ्यायचे असतील तर थेट जाळ्यात प्रत्येकाला ४ प्रवाह वर पाठवावे लागतात. खेड्यातल्या फोरजीला ते झेपत नाही. मध्ये एसएफयू (प्रत्येकाचा प्रवाह घेऊन बाकीच्यांना वाटणारा सर्व्हर) ठेवला तर प्रत्येकाचा वर जाणारा प्रवाह एकच, खाली येणारे चार.

कॅमेरा आणि माइक फक्त एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवर मिळतात. शेजारच्या संगणकाच्या आयपीने साध्या एचटीटीपीवर पान उघडलं तर कॅमेऱ्याची सोय कोडमध्ये सापडतच नाही. आणि हेडफोन आधी वाटा, एका खोलीत दोन माइक-स्पीकर उघडले की शिट्टी सुरू होते.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम असा धरतो : पोलिंग, एसएसई, वेबसॉकेट, पुश, वेबआरटीसी. टीसीपी आणि यूडीपीतला हा फरक लॅबमध्ये कानाने ऐकवता येईल का?

दुर्बीण

येईल. एका लिनक्स यंत्रावर टीसी नेटेम (नेटवर्क मुद्दाम बिघडवणारं लिनक्सचं साधन) वापरून बाहेर जाणाऱ्या वाटेवर २०० मिलिसेकंद विलंब आणि ५ टक्के गळती (पाकिटं हरवणं) लावा. त्या यंत्रावरून वेबसॉकेटने दर २० मिलिसेकंदांनी एक क्रमांक पाठवा आणि समोर तो पोचल्याची वेळ छापा. क्रमांक एकही हरवत नाही, पण मध्येच थांबतात आणि मग गठ्ठ्याने येतात. त्याच यंत्रावरून वेबआरटीसीचा आवाज ऐका : मध्येमध्ये खरखरतो, पण मागे पडत नाही. नंतर वेबआरटीसीचं डेटा चॅनेल (आवाज-चित्राऐवजी मजकूर नेणारी वाट) क्रम न राखता आणि शून्य पुनर्प्रेषणावर ठेवून तेच क्रमांक पाठवा. गाळलेले क्रमांक मुलांना मोजता येतील. क्रोमच्या वेबआरटीसी-इंटर्नल्स पानावर हरवलेली पाकिटं आणि जिटरचे (पोचण्याच्या वेळेतल्या चढउताराचे) आलेख चालू कॉलमध्ये दिसतात, ते शेजारी उघडं ठेवा.

प्रयोग संपल्यावर नेटेमचा नियम काढायला विसरू नका. तो यंत्राच्या सगळ्या वाहतुकीला लागतो, आणि पुढच्या तासाला ‘इंटरनेट मंद आहे’ म्हणून शोधाशोध होते.

शेंगदाणा

गप्पांच्या प्रयोगासाठीही तोच नियम वापरता येईल. गळती १०० टक्के करून दहा सेकंद थांबा, त्या काळात पाच निरोप लिहा, जोडणी खरंच तुटावी म्हणून सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा (नाहीतर टीसीपीच ते निरोप पोचवतं), मग गळती काढा. पाचही एकदाच आणि क्रमाने दिसले तर यूयूआयडी आणि पोच बरोबर बांधली. एखादा दोनदा दिसला तर सर्व्हर आधीची नोंद तपासत नाही. एखादा गायब असेल तर पोच येण्याआधीच पानाने तो रांगेतून काढला आहे.